झोका का वावटळ

झोळी कडुनिंबाला बांधायची ही कल्पना माधुरीचीच. शाळेच्या मैदानात सावली धरणारं तेवढं एकच झाड, आणि ते नेमकं गोलच्या मागं. गोल म्हणजे लोखंडी पाइपची चौकट. जाळी केव्हाच फाटून गेलेली. मैदानावर लग्नंही लागत, गावची सभाही भरे, म्हणून गोल जमिनीत पुरलेले नव्हते. पायांवर दगड ठेवून उभे केलेले. त्या चौकटीच्या मागं, खालच्या फांदीला, माधुरीच्या बाळंतपणातल्या मऊ साडीची झोळी लोंबायची, आणि झोळीत तिची तान्ही लेक, यशू.

माधुरी कोल्हारजवळच्या या शाळेत मानधनावर खेळ शिकवायची. नवरा, महेंद्र, सुप्याच्या एमआयडीसीत, रविवारचा तेवढा घरी. सासूबाई, भागिरथीबाई, अंगणवाडीत मदतनीस. सकाळी मुलींचा फुटबॉलचा सराव असायचा तेव्हाच सासूबाईंची खिचडी चुलीवर असायची. अंगणवाडीत इतकं तान्हं लेकरू घेऊन बसलं की तपासणीला वरून आलेल्या बाई बोलत. भागिरथीबाई स्वतःलाच टोमणा मारून घ्यायच्या, गावाची पोरं मी सांभाळते आणि माझी नात झाडाला टांगते. मुख्याध्यापक राधाकृष्ण सर भले माणूस. त्यांनी एकदाच सांगितलं होतं, मॅडम, माझ्या डोळ्यांना काही दिसत नाही, पण बाहेरचं कोणी आलं तर त्यालाही दिसू देऊ नका.

सरावाला येणाऱ्या मुलींतली मोनिका या सगळ्यात आली ती एका बॉलमुळं. झोळी बांधायला लागून थोडेच दिवस झाले होते. कोणीतरी जोरात मारलेला बॉल गोलमधून सुटला आणि सरळ झोळीवर निघाला. मोनिका तिथं पाणी प्यायला आली होती. हातातली बाटली टाकून तिनं बॉल छातीवर घेतला. छाती चोळत उभी राहिली, आणि आधी झोळीत डोकावली. यशू झोपलेलीच होती.

माधुरी धावत आली. तिनं मोनिकाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "यशूकडं लक्ष ठेव गं. आणि तिथंच आहेस, तर बॅकलाही तूच राहा."

बॅकलाही. तो 'ही' कुठं लागला होता ते माधुरीला त्या वेळी ऐकू आलं नाही. पुढं ते वाक्य तिला भाकरी थापताना, यशूला पाजताना, मधेच केव्हाही ऐकू यायला लागलं.

मोनिका बॅकला राहिली ती राहिलीच. तिच्या बाजूनं बॉल मागं जाईनासा झाला. समोरून कितीही दांडगी पोरगी येऊ दे, मोनिका आडवी पडायची, पाय घालायची, तोंडावर घ्यायची, पण बॉल जाऊ द्यायची नाही. तालुक्यात नाव झालं. लोक म्हणायला लागले, पोरगी जन्मजात बॅक आहे. माधुरीही म्हणायची. मैदानाच्या त्या टोकाला मोनिका गोल राखत नव्हती, झोळी राखत होती, हे माधुरीला कधी कळलं ते सांगता यायचं नाही. कळलं तेव्हा तिनं ते कोणाला सांगितलं नाही, एवढं खरं. सराव संपेपर्यंत यशू रडली तर मोनिका एका हातानं झोका द्यायची आणि डोळे बॉलवर ठेवायची. तेवढ्या वेळात माधुरीला मैदानभर पळता यायचं, शिट्टी मारता यायची, लग्नाआधी होती तशी माधुरी होता यायचं.

तिला वाटे, मोनिकाच्या घरी धाकटी भावंडं असतील. सवय असेल पोरीला. मग कोल्हारच्या बाजारात मोनिकाची आई भेटली, चांगुणाबाई. मेथीच्या जुड्या लावून बसली होती. माधुरीनं कौतुक केलं, तुमची मुलगी लेकरात फार रमते, घरी सगळी तिच्यावरच असतील ना. चांगुणाबाई हसायलाच लागल्या.

"अवो मॅडम, शेंडेफळ हाय ते आमचं. घरी पान्याचा तांब्या उचलत न्हाई. ती कुनाचं लेकरू सांभाळती?"

माधुरी मेथीची जुडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. म्हणजे हे सगळं मोनिका मैदानावरच शिकली होती. माधुरीनंच शिकवलं होतं.

त्यानंतर दोनेक दिवसांनी मोनिकानं विचारलं. सराव संपला होता, ती बुटाच्या नाड्या सोडत बसली होती, आणि वर न बघताच बोलली.

"मॅडम, मला येक डाव पुढं खेळवा ना. मला गोल मारायचाय."

माधुरीनं तिला समजावलं. संघाला तोल लागतो, म्हणाली. सगळे पुढं धावले तर मागं उघडं पडतं. गोल मारणाऱ्या दहा मिळतात, अडवणारी एखादीच. जिल्ह्याच्या संघात तुला घेतील ते बॅक म्हणूनच घेतील. बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच माधुरीला स्वतःलाच ते जास्त लागलं. मोनिकानं मान हलवली, बूट पिशवीत घातले, जाताना झोळीला एक हलका झोका दिला आणि गेली.

जिल्ह्याच्या संघाची निवड त्याच मैदानावर ठेवली होती. निवडायला मिरजगावकडचे अजिनाथ सर आले होते. कोल्हारच्या बाजूच्या मुली आणि नेवाशाच्या बाजूच्या मुली एकत्र करायच्या, दोन संघ पाडायचे, एक सामना खेळवायचा आणि त्यातून निवड करायची, असं ठरलं. एक संघ माधुरीकडं, दुसरा नेवाशाच्या सूर्यभान सरांकडं. सूर्यभान सर म्हणजे पोट सुटलेले, तोंडाचे फटकळ, पण मुलींचे लाडके. यशूला आणू नये असं माधुरीनं आदल्या दिवशी ठरवलं होतं. पण अंगणवाडीत नेमकी तपासणी निघाली. पहाटे सासूबाईंनी मऊ साडीची घडी पिशवीवर आणून ठेवली.

संघ पाडताना वाद झाला. दोघांनाही पुढं खेळणाऱ्याच मुली हव्या होत्या. सूर्यभान सर म्हणाले, मॅडमनी सगळी पळणारी पोरं घेतली तर आम्ही काय इथं शेंगा सोलायच्या? अजिनाथ सर हसले. म्हणाले, आपण लहानपणी विटीदांडूला गडी कसे वाटून घ्यायचो? तसंच करू. सारख्या ताकदीच्या दोघी दोघी गळ्यात हात घालून लांब जा, गुपचूप एकेक खोटं नाव घ्या आणि या. जे नाव मागितलं, ती पोरगी त्या संघाची. पुढची पुढचीबरोबर, बॅक बॅकबरोबर. तोल आपोआप राहील.

मुलींना हा खेळच झाला. जोड्या भिंतीमागं जायच्या, खिदळत परत यायच्या. ऊस का कांदा? सूर्यभान सर म्हणाले, कांदा. भेळ का रेवडी? माधुरी म्हणाली, रेवडी. एका जोडीनं विचारलं, लाईट का पाणी? त्यावर सूर्यभान सर म्हणाले, आमच्याकडं दोन्ही एकदम येत न्हाई बाई, पाणी द्या.

शेवटी दोघी उरल्या. मोनिका आणि नेवाशाची विजयमाला. विजयमाला पुढं खेळायची, वाऱ्यासारखी. मोनिका बॅक. ही जोडी बरोबरीची नव्हती, पण उरलंच होतं तेवढं. ज्याच्या वाट्याला विजयमाला येईल त्याची पुढची फळी जड होणार होती, आणि मोनिका येईल त्याची मागची. पाळी माधुरीची होती.

दोघी गळ्यात गळा घालून आल्या. विजयमालानं विचारलं, "झोका का वावटळ?"

माधुरीला विचार करावा लागला नाही. रोज झोका देणारी कोण, आणि वाऱ्यासारखी पळणारी कोण, हे काय सांगायला हवं? तिला बॅक हवी होती. गोलमागं झोळी होती, तिथं कोणीतरी हवं होतं. आधी कुठलं कारण आलं, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

"झोका," ती म्हणाली.

विजयमाला हसत हसत तिच्याकडं आली.

मोनिका जागीच उभी होती. वावटळ ती होती. तिनं माधुरीकडं पाहिलं नाही, सूर्यभान सरांकडं गेली. सरांनी विचारलं, तू त्या मॅडमची भिंत ना? कुठं उभी राहतीस?

"पुढं," मोनिका म्हणाली.

सरांनी भुवया वर केल्या. मग म्हणाले, बरंच झालं, विजू गेल्यामुळं मला पुढंच एक कमी पडत होती.

नाणं उडवलं, आणि कडुनिंबाकडचा गोल माधुरीच्या संघाला आला. पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या. दूध पिऊन यशू झोळीत झोपली होती. अजिनाथ सर आणि राधाकृष्ण सर झेंड्याच्या ओट्याशी खुर्च्या टाकून बसले होते. तिथून झाडाच्या फांद्यांत एखादी साडी वाळत घातल्यासारखी दिसली असती. माधुरी गोलच्या मागं, झोळीजवळ उभी राहिली. गोलकीपर जयमालाला मी मागून सांगत राहीन, असं तिनं सगळ्यांना सांगितलं.

विजयमालामुळं माधुरीच्या संघाचं पुढं चांगलं चाललं होतं, पण मागं भगदाड होतं. रोज जिथं मोनिका असायची ती जागा तिला स्पष्ट दिसत होती, दात पडल्यावर जीभ तिथंच जावी तशी. आणि त्याच जागेतून मोनिका आली. दोघींना चुकवलं. अशी पळते ही? माधुरीनं वर्षभर रोज तिला पाहिलं होतं, पण दहा पावलांच्या पुढं पळताना कधी पाहिलं नव्हतं. पदर सोडून पळावं तशी, सगळं अंग मोकळं सोडून.

जयमाला पुढं धावली आणि चुकली. गोल उघडा पडला. मोनिकाचा पाय मागं गेला.

आणि तिथंच राहिला.

तिची नजर गोलमध्ये नव्हती, गोलच्या पलीकडं होती. पाय खाली आला तो बॉलवर, अलगद. तेवढ्यात जयमालानं येऊन बॉल काढून घेतला. मैदान हसलं. सूर्यभान सर लांबून म्हणाले, "गोल समोर हाय गं बाई. नमस्कार काय करतीस त्याला?"

अजिनाथ सरांनी मान हलवली, ती नाराजीची होती.

पुन्हा तसंच झालं. या वेळी मोनिकानं बॉल मारला, पण निजलेल्या लेकराजवळून चवड्यांवर चालावं तसा तो घरंगळत गेला. जयमालानं वाकून उचलला. मोनिकाच्या संघातली एक मुलगी चिडून म्हणाली, जमत न्हाई तर मागं जा की. मोनिका कमरेवर हात ठेवून, खाली मान घालून परत गेली.

माधुरीनं झोळीवर हात ठेवला. साडीतून यशूची पाठ उबदार लागत होती. गोलला जाळी नव्हती. जोरात मारलेला बॉल कुठं येतो ते मोनिकाएवढं कोणालाच माहीत नव्हतं. वर्षभर तिनं तेच अडवलं होतं. आता ती मारायला आली होती, आणि मारायचं होतं ते इथंच.

झोळी सोडायची म्हणजे यशू उठणार. उठली की तिचं रडणं ओट्यापर्यंत जाणार. बाहेरच्या माणसाला दिसू देऊ नका, असं सांगणारे राधाकृष्ण सर त्या माणसाच्या शेजारीच बसले होते. मानधनाची नोकरी, पुढच्या वर्षी बोलावलं नाही की झालं. आणि मध्यांतराला थोडाच वेळ राहिला होता. मग बाजू बदलल्या असत्या, मोनिका दुसऱ्या गोलवर खेळली असती. थोडं थांबलं तर चाललं असतं. माधुरीनं तेवढं थांबायचंही ठरवलं. मग मोनिका तिसऱ्यांदा बॉल घेऊन निघाली, आणि माधुरीला ते खाली मान घालून परत जाणं आठवलं.

तिनं यशूला उचललं. गाठी सुटेनात, दातानं सोडवल्या. यशूनं डोळे उघडले, ओठ काढले आणि भोकाड पसरलं. साडी खांद्यावर, लेक कडेवर, अशी माधुरी झाडाखालून निघाली आणि फक्कीच्या रेघेच्या कडेनं, सगळ्यांच्या समोरून चालत गेली. राधाकृष्ण सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मोनिकानं पाहिलं. पळता पळता तिनं एकदा मोकळ्या फांदीकडं पाहिलं, एकदा कडेनं चाललेल्या माधुरीकडं. आणि मारला.

बॉल जयमालाच्या हाताला लागला नाही. चौकटीतून गेला तो कडुनिंबाच्या खोडावर आदळला, दाणकन, आणि वरून पिवळी पानं झरझर गळाली. आदळला होता तो झोळी असते त्याच उंचीवर. माधुरीनं यशूचं डोकं छातीशी धरलं. मुली मोनिकाच्या अंगावर पडत होत्या, सूर्यभान सर टाळ्या वाजवत होते, आणि माधुरीला आनंदही झाला होता, पण तिची नजर त्या खोडावरून हटेना. तिथं रोज लेकरू असायचं. आणि त्याच्यापुढं रोज दुसऱ्याचं लेकरू असायचं.

सामना संपल्यावर अजिनाथ सरांनी तिला बोलावलं. यशू रडून थकली होती, हुंदके देत साडीचं टोक चोखत होती. सरांनी तिच्याकडं पाहिलं, आणि मोनिकाचं विचारलं. म्हणाले, ही मुलगी मी मागं खेळताना पाहिली आहे, बॅक म्हणून आत्ता घेतो, डोळे मिटून. पुढच्या जागा भरल्यात, आणि खरं सांगू का, हिचा पाय ऐन वेळी अडखळतो. दोनदा पाहिलं.

माधुरीला गप्प बसता आलं असतं. बॅक म्हटलं की झालं होतं, मोनिका संघात होती.

"सर, तिचा पाय अडखळला नाही," ती म्हणाली. "गोलच्या मागं माझी मुलगी झोपली होती. जाळी नाही गोलला. तिनं मारला असता तर हिला लागला असता."

मग तिनं उरलेलंही सांगितलं. झोळीचं, पहिल्या बॉलचं, मोनिका बॅक कशी झाली त्याचं. राधाकृष्ण सर ओट्याच्या फरशीकडं बघत होते. अजिनाथ सरांनी एकदा कडुनिंबाकडं पाहिलं. मग म्हणाले, "मग आता तुम्हीच सांगा मॅडम. पुढं का मागं?"

"मी एकदा सांगून बसले आहे, सर. तिला विचारा."

मोनिकाला बोलावलं. घामानं केस कपाळाला चिकटलेले, गुडघा फुटलेला. सरांनी तिला सरळ सांगितलं. मागं खेळणार असशील तर पहिल्या अकरांत आहेस. पुढं खेळायचं असेल तर राखीव, आणि मैदानात उतरायला मिळेल की नाही सांगता येत नाही. माधुरीच्या ओठांवर आलं होतं, मागं म्हण, बाळा, मागं म्हण. तिनं यशूच्या पाठीवर थोपटत राहून ते गिळलं.

"पुढं," मोनिका म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "राखीव म्हंजी बसमदी तर न्हेत्यात ना?"

सर हसले. म्हणाले, नेतात.

मुली निघाल्या, धूळ खाली बसली. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला. माधुरी साडीची घडी घालायचा प्रयत्न करत होती आणि यशूमुळं ती पडत नव्हती. मोनिका जवळ आली आणि सवयीनं दोन्ही हात पुढं केले.

"नको," माधुरी म्हणाली. "दमलीस तू. मी घेते तिला."

मोनिकाचे हात तसेच राहिले. मग हळूहळू खाली आले. यशू मात्र तिच्याकडं झेपावत होती, अख्खी कमरेतून वाकून.

"चिडलाव का मॅडम?" मोनिका म्हणाली. "मी वावटळ झाले म्हनून?"

माधुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. काय काय सांगायचं या पोरीला, आणि कुठल्या तोंडानं? तिनं यशूला मोनिकाच्या हातात दिलं. यशूनं लगेच मोनिकाची वेणी धरली. मोनिका तिच्या गालाला नाक घासून काहीतरी पुटपुटली, तुझ्यामुळं दोन गोल गेले बघ माझे, असं काहीतरी.

"मोनिका, उद्यापासून हिची झोळी दुसरीकडं बांधायची," माधुरी म्हणाली. "कुठं, ते बघते मी."

मोनिकानं मैदानाभोवती नजर फिरवली. "कुठं बांदताय? झाड तर येकच हाय." मग ती गोलकडं बघून म्हणाली, "झाड हलत न्हाई. गोल हलतोय की."

माधुरीनं त्या लोखंडी चौकटीकडं पाहिलं. पायांवर दगड ठेवलेली, लग्नाच्या मांडवाला दर वेळी उचलून बाजूला ठेवली जाणारी. गेल्याच आठवड्यात तिनं स्वतः हात लावून उचलली होती आणि पुन्हा तिथंच आणून ठेवली होती. वर्षभरात हे सुचलं कसं नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. गोल तिथं होता म्हणून झोळीजवळ कायम कोणीतरी होतं.

"आण तिला," ती म्हणाली.

यशूला तिनं साडीनं स्वतःच्या पाठीशी बांधलं, दोनदा गाठ ओढून पाहिली. जयमाला आणि आणखी दोघी अजून फाटकात बोलत उभ्या होत्या, त्यांना हाक मारली. दगड बाजूला केले. मोनिकानं एका बाजूचा पाइप धरला, माधुरीनं दुसऱ्या. रस्त्याच्या बाजूला, उघड्या उन्हात, चौकट उभी राहिली तेव्हा यशू आईच्या पाठीवर झोपली होती, आणि मोनिका बॉल आणायला कडुनिंबाकडं पळत सुटली होती.